मामा जेवायला बसले

वसतिगृहाचे आचारी मामा निवृत्त झाले, पण त्यांच्या हातांना ते कुणी सांगितलंच नाही! एकट्यापुरता भात टाकायला जावं, तर सवयीने दहाजणांचा भात रटरटू लागायचा. वसतिगृहातून निघताना एक मोठं पातेलं त्यांनी हट्टाने मागून आणलं होतं. रांधायची हौस तशीच होती, पण बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक दूरच्या शहरात. समोर ताट घेऊन कुणी उभं नाही म्हटल्यावर घास घशाखाली उतरेना. रांधलेलं वाया जायचं आणि ते आयुष्यभर वसतिगृहात केलं तेच करायचे, उभ्याउभ्या पावाचा तुकडा खाऊन मोकळे व्हायचे.

एके दुपारी त्यांनी ठरवलं, बास झालं. आजचं अन्न खाली नेऊन फेकून द्यायचं, पातेलं भंगारवाल्याला द्यायचं आणि स्वयंपाकाला कायमचा रामराम ठोकायचा. पातेलं उचलताना त्यांचे डोळे भरून आले.

जिन्यात समोरच्या घरातली नर्स भेटली. ड्युटीवरून येत होती, हातात बिस्किटांचा पुडा.

“मामा, एवढं अन्न कुठे नेताय?”

“आंबलंय,” मामांनी ठोकून दिलं. पातेल्यातून तर चक्क वाफा निघत होत्या.

नर्सने वाफांकडे बोट दाखवलं. मामांनी मान खाली घातली. “खायला कुणी नाही, बाई.”

“अहो, मी समोरच राहते! एकदा दार वाजवायचं की!”

“न बोलावता कुणाच्या दारात अन्न घेऊन कसं जायचं? माणसं ताट घेऊन माझ्याकडे यायची.”

“आणि तुमच्या फोडणीचा वास आला की मला वाटायचं, मागितलं तर काय म्हणतील! मी इकडे बिस्किटं चघळतेय, तुम्ही तिकडे भात फेकून देताय. मामा, दोघंही उपाशी आहोत, ते नुसत्या संकोचापायी!”

“चला मग, बाई,” मामा म्हणाले. ते पातेलं घेऊन माघारी वळले.

घरात त्यांनी तिला भात वाढला, वर रस्सा घातला आणि सवयीने डाव धरून बाजूला उभे राहिले. नर्सने डाव काढून घेतला. “आता तुम्ही बसा. मी वाढते.”

किती वर्षांनी कुणीतरी त्यांना वाढत होतं! मामांनी पहिला घास घेतला आणि थबकले.

“मीठ कमी आहे!”

“आहे थोडं,” नर्स हसली.

“पण मी चाखला होता रस्सा!”

“नुसता चाखला असेल. भातावर घेऊन कधी खाल्लात?”

मामांना आता उमगलं. वसतिगृहातली पोरं रोज मीठ मागायची आणि ते दरवेळी त्यांच्यावर डाफरायचे. पोरांबरोबर एकदा जरी ताटावर बसले असते तर! पण ते कधी बसले नाहीत आणि त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

वाचकहो, आपल्याही घरात, कचेरीत कुणीतरी रोज आपल्यासाठी रांधतं. जेवण आवडलं तर तसं तोंडाने सांगा, आणि त्या माणसाला आधी शेजारी बसवा. बंद दारामागे कुणी एकटं जेवत असेल, तर मानपान बाजूला ठेवून कडी वाजवा.

मामांनी ताट चाटूनपुसून साफ केलं. मग घासलेलं पातेलं पुन्हा ओट्यावर ठेवत त्यांनी विचारलं, “उद्या ड्युटी कधी सुटते, बाई?”