बाकडं आत नेलं त्याची गोष्ट

धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. ती सासरी गेली, तिची खाट रिकामी झाली आणि त्या खाटेवर आम्ही नातीचा बिछाना घातला. नात तेव्हा पाच वर्षांची होती. तिला सगळे ठकी म्हणत. लाकडाच्या बाहुलीला ठकी म्हणतात, आणि घर सुताराचं, तेव्हा हे नाव सुचायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नसेल. जन्मताना तिचा श्वास अडकला आणि मेंदूला इजा झाली. हातपाय ताठ, मान डुगडुगती, तोंडात शब्द नाही. डोळे मात्र असे, की खोटं बोलणाऱ्याने दुसरीकडे बघावं.

नदीपलीकडे अशा मुलांसाठी एक केंद्र होतं. सून तिला आठवड्यातून दोनदा बसने तिथे न्यायची. मुलगा कारखान्यात पाळीवर, आणि ठकी दिवसेंदिवस जड होत चाललेली, म्हणून मीही दुकानाला कुलूप लावून बरोबर जायला लागलो.

केंद्रात व्यायामाची एक लांब खोली होती. हिरव्या चटया, भिंतीला आडवा दांडा, कोपऱ्यात रबरी चेंडू. हे सगळं दार उघडेल तेव्हा वीतभर दिसायचं तेवढंच. व्यायाम शिकवणाऱ्या ताई दारात यायच्या, ठकीला घ्यायच्या आणि दार बंद. आम्ही बाहेर, व्हरांड्यातल्या बाकड्यावर. ते सागाचं बाकडं मीच केलेलं. केंद्राने काम दिलं तेव्हा मापं विचारली, पैसे विचारले. कुठे ठेवणार ते विचारायचं राहिलं.

दारावर एक पाटी होती. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, त्यामुळे ती मला लागू नाही असं मी धरून चाललो होतो. सुनेला वाचता येत होतं, म्हणून ती बसायची.

दार लागलं की आतून ठकीचं रडणं सुरू व्हायचं. सून पिशवीचे बंद पिळत बसायची. वेळ संपला की ताई ठकीला आणून द्यायच्या. त्यांचाही चेहरा उतरलेला.

"आजही नाही जमलं. हात लावला की रडते."

"घरी नाही रडत," सून म्हणायची.

"घरी व्यायाम नसतो ना."

दोघींचंही खरं होतं, आणि मधे दार होतं.

एक दिवस केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलापलीकडून म्हणाल्या, "मूल सहकार्य करत नाहीये. रांगेत इतर मुलं आहेत. महिनाअखेर तपासणी करू. असंच राहिलं तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल."

दुसरं केंद्र नव्हतं. ही जागा गेली तर ठकी खाटेवर आणि छत डोळ्यांवर, हे आम्हा दोघांनाही न बोलता कळलं.

"मला आत बसू द्या," सून म्हणाली.

"आई आत असली की मुलं लाडावतात. तुम्ही घरी प्रेम करा, बाकीचं आमच्यावर सोडा."

"सोडलंच होतं, बाई. तेच तर चुकलं."

मोठ्या बाईंनी पुढच्या माणसाला आत पाठवायला सांगितलं.

पुढच्या वेळी जाताना मी पिशवीत पेचकस टाकला. बाकडं भिंतीला दोन पट्ट्यांनी जखडलेलं होतं. ताई ठकीला घेऊन आत गेल्या, आणि मी गुडघ्यावर बसून पहिला स्क्रू काढायला घेतला. शेजारी एक बसचालक बसायचा, त्याचा मुलगाही आत होता. आम्ही त्याला बसवाला म्हणायचो.

"काका, काय चाललंय?"

"दुरुस्ती."

"मोडलंय कुठे?"

"मोडलं नाही. जागा चुकलीय."

त्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बाह्या सरसावल्या. "दुसरं टोक मी धरतो."

शिपाई धावत आला. "अहो बाबा, पाटी दिसत नाही का?"

"दिसते की. वाचता येत नाही."

"पालकांनी बाहेर बसावं, असं लिहिलंय."

"तुला कोणी वाचून दाखवायला सांगितलं?"

तोवर बाकडं अर्धं आत गेलं होतं. ते आम्ही भिंतीला लावलं आणि सून आधी बसली. मग बसवाला, मग आणखी दोघी आया. ताई चटईवर गुडघे टेकून बघत राहिल्या. ठकी रडायची थांबून बघायला लागली.

शिपायाने मोठ्या बाईंना आणलं.

"हे आत कोणी आणलं?"

"मी," मी म्हणालो. "केलंही मीच."

"आत्ताच्या आत्ता बाहेर न्या."

"नेतो ना. पण बसलेल्या माणसांसकट उचलत नाही हो. वय झालं."

बसवाला खोकल्याचं निमित्त करून हसला. मोठ्या बाई सुनेकडे वळल्या. "तुमच्याच मुलीचं नुकसान करताय तुम्ही."

सुनेने आवाज चढवला नाही. "तिला तुम्ही काढणारच आहात. त्याहून जास्त काय नुकसान करणार मी? उठणार नाही. पोलीस बोलवायचे तर बोलवा, त्यांनाही बसायला जागा करू."

आता काय होतंय, असं झालं. तेव्हा ताई म्हणाल्या, "बाई, राहू द्या त्यांना. घरी रडत नाही म्हणजे घरी काय करतात, ते मला बघायचंय."

ताईंना तिथे लागून वर्षही झालं नव्हतं. मोठ्या बाईंपुढे असं बोलणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायची तयारी. मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "महिनाअखेरपर्यंत," त्या म्हणाल्या. "मग तपासणीत जे दिसेल ते."

त्या गेल्या. ताईंनी ठकीचे पाय धरले आणि ठकीने भोकाड पसरलं.

"ताई, थांबा," सून उठली. "आधी सांगा तिला."

"सांगते की मी. चल, व्यायाम करू, असं म्हणते रोज."

"तोंडाने नाही."

सून चटईवर बसली. दार वाजवावं तशी दोन बोटांनी तिने ठकीच्या गुडघ्यावर टकटक केली आणि थांबली. ठकीची नजर इकडे गेली, तिकडे गेली, मग सावकाश फिरत गुडघ्यावर आली. तेव्हा कुठे सुनेने पाय उचलला. ठकी रडली नाही.

"तिचं अंग तिच्या लक्षात यायला वेळ लागतो," सून म्हणाली. "न सांगता धरलं की दचकते. आमच्याकडे दार वाजवल्याशिवाय कोणी आत येत नाही."

ताईंनी दुसरा गुडघा वाजवला. थांबल्या. नजर आली. मग पाय उचलला, वाकवला, सरळ केला. ताई पुढेच झुकून होत्या, आणि डोळे पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते.

माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटावं. निघायची वेळ झाली तेव्हा मीच ऐटीत पुढे झालो आणि ठकीला काखेत हात घालून उचललं. तिचे पाय एकमेकांवर चढले.

"बाबा, असंच उचलता रोज?" ताईंनी विचारलं.

"जन्मल्यापासून."

"म्हणून पाय कात्रीसारखे होतात. लोंबकळत उचललं की ती ताठते. आधी गुडघे दुमडा, मग गाठोडं उचलावं तसं जवळ घ्या."

त्यांनी माझे हात धरून दाखवलं. पाय सुटे राहिले. बसवाला म्हणाला, "काका, तुमचीही जागा चुकली होती की." सून कितीतरी महिन्यांनी हसली, आणि तेही मला.

त्यानंतर दर खेपेला काहीतरी इकडून तिकडे जायला लागलं. घरचं केंद्रात, केंद्रातलं घरी. मग ताई म्हणाल्या, ठकीला घरीही बसवायला हवं, पण केंद्रातल्या खुर्च्या सगळ्या एकाच मापाच्या. खुर्ची म्हटल्यावर मला काय सांगायचं? ठकी खाटेवर झोपली असताना मी टेप लावली. डोक्यापासून कंबर, कंबरेपासून गुडघा, गुडघ्यापासून टाच. खुर्ची केली, कडा गोल केल्या, पॉलिश मारलं. खांद्यावरून केंद्रात नेली. ठकीला बसवलं, आणि ती ओल्या साबणासारखी घसरून खाली आली.

"काका, ही खुर्ची ठकीची की ठकीच्या नवऱ्याची?" बसवाल्याने विचारलं.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी ठकीला मांडीत घेतलं, तिची कंबर दोन्ही हातांनी मागे दाबून धरली. "आता घ्या माप. झोपलेली ठकी एका मापाची आणि बसलेली दुसऱ्या. बसली की पाठ वाकते आणि कंबर पुढे येते."

सून गुडघ्यावर टकटक करत राहिली, ताईंनी धरून ठेवलं आणि मी मापं घेतली. कपाटं करण्यात जन्म गेला माझा. कपाट आडवं मोजा की उभं, सारखंच. दुसरी खुर्ची बुटकी झाली, बैठक मागे उतरती, मधे पाय वेगळे ठेवायला लाकडी उंचवटा. पॉलिशला वेळ मिळाला नाही. महिना संपत आला होता.

तपासणीच्या दिवशी बाकडं भरलेलं होतं. जे कधी आत आले नव्हते तेही दाटीवाटीने बसले. ठकी खुर्चीत, पावलं फळीवर टेकलेली, मान वर. मोठ्या बाई आल्या त्या मागच्या दाराने. सरळ ठकीच्या मागे गेल्या आणि कौतुकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठकी दचकली. अंग धनुष्यासारखं ताणलं, ओठ थरथरायला लागले.

"दार वाजवा," सून म्हणाली.

"दार वाजवा," बसवाला म्हणाला. मग अख्खं बाकडं म्हणालं.

मोठ्या बाईंचा हात तसाच हवेत राहिला. काय चाललंय ते त्यांना कळेना. ताईंनी जवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं. मोठ्या बाई पुढे आल्या, साडी सावरत वाकल्या आणि ठकीच्या गुडघ्यावर दोन बोटं वाजवली. ठकीने आपला वेळ घेतला. चांगला घेतला. मोठ्या बाईंना थांबायची सवय नव्हती, तरी त्या वाकून थांबल्या. मग ठकीची मान सावकाश वळली आणि ती त्यांच्याकडे बघायला लागली. ओठ शांत झाले. मान पडली नाही.

मोठ्या बाई उभ्या राहिल्या. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"बाकडं दाराच्या वाटेत येतंय," त्या शिपायाला म्हणाल्या. "जरा खिडकीकडे सरकवा."

ठकीची जागा राहिली. पुढे तिला अक्षरांची चौकट हवी झाली. ताईंनी अक्षरं रंगवली, मी लाकूड कापलं. ठकी डोळ्यांनी अक्षर दाखवणार, पण ते कोणतं हे समोरच्याला कळायला हवं. म्हणून साठी उलटल्यावर मीही तिच्याबरोबर क, ख, ग शिकायला बसलो. ती माझ्या पुढे गेली. तिने जुळवलेला पहिला शब्द होता 'नको'. आम्ही घरभर पेढे वाटावेत तसा तो सांगत फिरलो.

यंदा ताईंच्या जागी एक नवे साहेब आले. गेल्या आठवड्यात आम्ही गेलो तर बाकडं पुन्हा व्हरांड्यात, आणि दारावर नवी कोरी पाटी. आता मला वाचता येतं, त्यामुळे जुनं निमित्त उरलं नाही. मी पाटी मोठ्याने वाचली, वरून खालपर्यंत, आणि साहेबांना म्हणालो, "वाचली. ऐकणार नाही."

"आजोबा, नियम आहे," ते म्हणाले.

"तो होताच. तुमच्या आधीपासून होता."

माझे गुडघे आता वाकत नाहीत. पेचकस सुनेने घेतला. तिचे केस पांढरे झालेत, हात मात्र माझ्यापेक्षा पक्का. दुसरं टोक धरायला बसवाला आला. निवृत्त झालाय, मुलगाही आता येत नाही, तरी निरोप मिळताच आला. साहेब वाटेत उभे होते. चाकांच्या खुर्चीतून ठकी त्यांच्याकडे बघत राहिली. अखेर ते बाजूला झाले, आणि आत जाऊन आम्ही त्यांच्यासाठीही बाकड्यावर जागा ठेवली.

आमच्या ताई वारल्या. ठकीला चोविसावं लागलं त्या वर्षी, म्हणजे याच वर्षी, मार्चच्या नऊ तारखेला, सकाळी, हृदयाच्या दुखण्याने.