नारदाच्या गादीला खिळा

या मित्रांनो, असे जवळ सरका. मागच्यांनी पुढे यावं. फक्त माझ्यावर कुणी बसू नका. आज एक आख्यान सांगतो. हसू आलं तर हसा, पण कान उघडे ठेवा.

मी एक जुना लाकडी मंच आहे. आंब्याच्या फळ्या, चार ठेंगणे पाय. दिल्लीत मयूर विहारच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये पस्तीस वर्षं रामनवमीला कीर्तनकार बुवा माझ्यावर उभे राहिले. चिपळ्यांच्या तालावर त्यांचं पाऊल पडलं की माझ्या अंगातून गोड नाद निघे. कीर्तन संपलं की मंडळातल्या लताकाकू मला हात लावून तो कपाळी नेत. लाकडाच्या जन्माला याहून मोठं भाग्य कुठलं?

मंडळातल्याच पोरांचा ‘यमुनाकाठ फुटबॉल क्लब’ होता. त्याचे मॅनेजर शशिकांत सर. दिवसा सरकारी कचेरी, संध्याकाळी मैदान. माझ्यावर खडूनं खेळाडूंच्या जागा आखायचे. मैदानात शिरले की आधी गोलचे खांब बोटांनी ठोकून बघायचे. “आधी कान, मग पाय,” म्हणायचे. पोरं त्यांची नक्कल करत एकमेकांच्या डोक्यावर ठोकत आणि पोकळ आहे असा निकाल देत.

सहा वर्षांपूर्वी सरांनी मलाही ठोकून पाहिलं. डाव्या पायाशी त्यांचं बोट थांबलं. वाळवी आहे म्हणाले. औषध घालू, खालून आडवी पट्टी ठोकू. हातोडी घेऊन आलेही. पण लताकाकू मध्ये उभ्या राहिल्या.

“अहो शशिकांत, ही नारदाची गादी. हिला खिळे मारता?”

काकू वयानं मोठ्या, गोष्ट श्रद्धेची. सरांनी हातोडी पिशवीत टाकली. पुढे निवृत्त होऊन ते लेकीकडे गुरुग्रामला गेले. काकूंनी मला पांढरीशुभ्र चादर घातली. त्या चादरीखाली काहीतरी मला बारीक बारीक खात होतं. मला ते ऐकू येई. सांगायला तोंड नव्हतं.

यंदा जानेवारीत चाहत्यांनी सरांबरोबर एक संध्याकाळ ठरवली. क्लबची रीत अशी, की पाहुण्याला मध्ये घेऊन सगळ्यांनी तालात तीन उड्या मारायच्या. एरवी हे मैदानावर चाले. यंदा धुकं दाट, म्हणून सेक्रेटरी अनुरागनं ठरवलं, उड्या मंचावरच मारू. माझ्यावर झेंडूच्या माळा चढल्या. त्या मला जड वाटत होत्या.

सर काठी टेकत आले, खुर्चीत बसले. जुने सामने निघाले. शेवटच्या मिनिटाला गोलकीपरला पुढे का पाठवलंत, असं कुणीतरी विचारलं. सर म्हणाले, तो मागे राहूनही काय अडवत होता? हॉल खदखदून हसला. मी हसलो नाही. उड्यांची वेळ जवळ आली होती.

शाल घेऊन लताकाकू आधी वर चढल्या. सरांनी एक पाय माझ्यावर ठेवला आणि सवयीनं काठी आपटली. मी भद्द वाजलो. त्यांचा चेहरा उतरला.

“काकू, खाली उतरा. कुणीही चढू नका.”

“सर, बिल्कुल पक्का आहे. चलो ना,” अनुराग म्हणाला. मागून पंचवीस माणसं पुढे सरकली.

सर पुरते वर आले. काठी आडवी धरून त्यांनी गर्दी थोपवली आणि काकूंना अनुरागच्या हातात ढकललं. तेवढ्या झटक्यानं माझा डावा पाय गेला. माझी तुटकी कड घेऊन सर खाली आदळले.

बाकी सगळे वाचले. सरांचं खुब्याचं हाड मोडलं. लेकीच्या घरी चौदाव्या मजल्यावर ते अजून पडून आहेत, आणि चालण्याचा विषय काढला की डॉक्टर रिपोर्ट वाचू लागतात.

परवा लताकाकू एकट्याच हातोडी-खिळे घेऊन माझ्यापाशी बसल्या. दुसऱ्या पायावर पहिला खिळा टेकवला. तो न ठोकताच आत गेला. काकूंनी हातोडी मांडीवर ठेवली.

रामनवमी जवळ आली आहे. कपाटात कुणीतरी नवी चादर आणून ठेवली आहे.

म्हणून मित्रांनो, नमस्कार जरूर करा. पण वाकलात की चादरीखालीही बघा. आणि कुठंही पाय ठेवण्याआधी दोन बोटांनी ठोका, ऐका, आणि एवढं माझ्यासाठी करा, शशिकांत सरांची आठवण काढा.