गाडीवाटेवरचे पाच थांबे

"हॉर्न वाजवू नको बाबा, बैलं बुजत्यात," मी रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला म्हणाले, आणि वाटेच्या तोंडाशी आडवी लावलेली माझी बैलगाडी तसूभरही हलवली नाही.

वाटेच्या आतल्या बाजूने शेजारचा सुदर्शन पळत आला. पायात चप्पल नव्हती. "मावशी, बाबा मोरीत घसरून पडलेत. खुबा मोडलाय. गाडी आमच्या शेतातल्या आखाड्यापर्यंत जाऊ द्या."

आज मी मावशी झाले. याचे वडील श्रीमंतराव मला 'ये पंचफुले' अशी हाक मारायचे, आणि तीही काम असलं तरच. मी पिशवीतून कागद काढला. प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेला तहसीलचा आदेश, नऊ वर्षांपूर्वीचा. शाळेत खिचडी शिजवते मी, पण सातवी पास आहे. मोठ्याने वाचला. सदर वाट नकाशात गाडीवाट आहे, बैलगाडी आणि पायी जाण्यास हरकत नाही, मोटार वाहनाची वहिवाट सिद्ध होत नाही, सबब मज्जाव.

"हा तुझ्या बापानंच आनलेला हाय," मी म्हणाले. "मोटार चालत न्हाई या वाटंनं."

"मावशी, जुनं कशाला काढून राहिल्या आता?"

"तुला जुनं असंल. मला कालचं हाय."

आमची वाट अशी आहे. डांबरीला लागून श्रीमंतरावांचं शेत होतं, त्यामागे आमचे दोन एकर. आमच्या यांनी, लिंबाजींनी, भाजीपाला न्यायला जुना पिकअप घेतला आणि श्रीमंतरावांच्या पोटात दुखायला लागलं. बैलगाड्या पिढ्यान्‌पिढ्या जात होत्या, त्याचं काही नव्हतं. आमच्या दारात मोटार आली, हे सोसवलं नाही. तहसीलात गेले, आदेश आणला, वाटेच्या तोंडाशी मधोमध दगड रोवला, बैलगाडी वरून निघेल पण मोटार अडेल असा. आमचा पिकअप डांबरीवरच उभा राहायला लागला.

त्याच वर्षी सोयाबीन काढताना यांना परड चावली. साप एवढा जहरी की पाय बघता बघता सुजला. पाऊस होऊन गेलेला, काळ्या मातीत गुडघाभर चिखल. मी पळत जाऊन श्रीमंतरावांचे पाय धरले. म्हटलं, दगड काढा, पिकअप आत येऊ द्या. ते पान खात होते. म्हणाले, "बैलगाडी असंल तर आन की. बैलगाडीला मी कवा न्हाई म्हनलं?"

आमच्याकडे बैलगाडी नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

चौघांनी बाज उचलली. पाच ठिकाणी टेकवावी लागली. पाचव्या ठिकाणी, दगडापाशी, पिकअप समोर दिसत असताना हे गेले.

महिन्याच्या आत मी पिकअप विकला आणि देवणीच्या बाजारातून वानेरी बैलांची जोडी आणि गाडी आणली. लोक बैलं विकून ट्रॅक्टर घ्यायला लागलेले आणि ही बाई उलटं करून राहिली, म्हणून गाव हसलं. हसू दे. खत, बियाणं, सोयाबीन, सगळं नऊ वर्षं गाडीने नेलं. आणि डांबरीकडे जाताना दर खेपेला त्या पाचही जागी गाडी उभी केली. तांब्याभर पाणी पिऊन व्हावं, एवढा वेळ.

पुढे श्रीमंतरावांच्या पोरांची वाटणी झाली. डांबरीलगतचं शेत थोरल्याला गेलं, त्याने ते विकून टाकलं. म्हाताऱ्याने धाकट्या सुदर्शनसाठी आमच्या मागचं शेत घेतलं आणि तिथे आखाडा, म्हणजे शेतातलं घर, बांधून राहायला आला. म्हणजे आता त्याच वाटेने, आमच्याही मागे. दगड कडेला सारून चार महिने सुदर्शनची जीप माझ्या दारावरून जायची. मी भाकरी थापत बघायचे. एका शब्दाने अडवली नाही. जीप अडवून मला काय मिळणार होतं? मला म्हातारा पाहिजे होता.

त्या दिवशी सकाळी सुदर्शनची बायको तनुजा ओरडली तेव्हाच मी बैलं जुंपली.

सून मनिषा माझ्यामागे आली होती. तिला सातवा महिना. "आत्या, माणूस मरंल हो."

"खुब्यानं लगीच कुनी मरत न्हाई. परडीनं मरतं."

सुदर्शन रडकुंडीला आला. "मग काय करू मी? सांगा तरी."

"बैलगाडी हाय की माझ्याकडं. बैलगाडीला मी कवा न्हाई म्हनलं?"

त्याला ते बोल कुणाचे, हे कळलं नाही. आदेश ऐकल्यावर ड्रायव्हरही आत यायला राजी नव्हता. मी आखाड्यावर गाडी नेली, कडबा पसरला, वर वाकळ टाकली. म्हाताऱ्याला उचलून ठेवताना मी त्यांच्या कानापाशी तेच बोलले. त्यांना बरोबर कळलं. तोंड फिरवलं त्यांनी.

तनुजा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गाडी निघाली. दर चाकोरीला म्हातारा कण्हत होता. आमचा बांध ओलांडला आणि सुबाभळीपाशी बैलं आपोआप उभी राहिली.

"का थांबली? हाक की," म्हातारा म्हणाला.

"मी न्हाई थांबवली. सवय हाय त्यास्नी. इथं पयल्यांदा बाज टेकवली होती."

दुसऱ्यांदा नाल्यापाशी थांबली. "चाबूक मार ना त्यांना."

"नऊ वर्षांत मारला न्हाई. तुमच्यासाठी मारू व्हय?"

तिसरी जागा वाकलेल्या विजेच्या खांबाची. तनुजा हलक्या आवाजात रडत होती. तिचा काही दोष नव्हता, पण मी तिची समजूत काढली नाही.

चौथी बोरीखाली. मी मागे वळून त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "इथं पानी मागितलं यांनी. बाजूला तुमची विहीर तुडुंब होती, पाट भरून वाहत होता. साप चावल्यावर पानी देऊ नये म्हनत्यात, म्हनून मीच दिलं न्हाई. तेवढं माझ्या माथ्यावर हाय, ते तुमच्यावर घालत न्हाई. बाकीचं तुमचं."

म्हाताऱ्याचे ओठ सुकले होते. "मला बी लागलीय," ते म्हणाले.

माझ्या बाटलीतलं पाणी मी त्यांना पाजलं. दया आली असं नाही, उगीच खोटं कशाला सांगू? पाणी मागणाऱ्याला पुन्हा नाही म्हणायची माझ्यात ताकद नव्हती.

पाचवी जागा दगडाची. समोर रुग्णवाहिका उभी, दार उघडं. सुदर्शन हात पसरून उभा. बैलं तिथे थांबली, आणि मीही घाई केली नाही. म्हातारा डोळे मिटून म्हणाला, "सुदर्शन, तो आदेश काढून टाक. वाट मोकळी कर."

चूक झाली म्हणाले नाहीत. खुबा मोडला तरी मान ताठच. मी रुग्णवाहिका जाईपर्यंत बघत राहिले आणि रिकामी गाडी घेऊन घरी आले. वाटलं होतं, आज झोप लागेल. नाही लागली.

महिनाभराने सुदर्शन रस्त्याचं संमतीपत्र घेऊन आला, डांबरीलगतच्या नव्या मालकाची सही झालेलं. मोटारीला मुभा, बारा फूट रुंदी, मुरूम. मनिषा पोटावर हात ठेवून चुलीपाशी उभी राहिली. मी सही केली. पण श्रीमंतरावांसाठी केली नाही, हे त्याला दोनदा सांगितलं.

आता मुरूम पडलाय. परवा मी सोयाबीन घेऊन निघाले तर मागून जीप आली. पुढच्या सीटवर श्रीमंतराव, मांडीवर काठी. सुबाभळीपाशी बैलं थांबली. जीपही थांबली. बाजूने जायला जागा होती, तरी आली नाही. नाल्यापाशी तेच, खांबापाशी तेच. बोरीखाली मी मागे बघितलं. सुदर्शनचा हात हॉर्नवर होता, आणि त्या हातावर म्हाताऱ्याचा हात.

दगडापाशी बैलं जरा जास्तच वेळ उभी राहिली. हॉर्न वाजला नाही. बैलं निघाली, मग जीप निघाली.