पानाची दुमड

टाचणीबाईंच्या तोंडात सदा टाचण्या असायच्या, म्हणून गल्लीने त्यांना ते नाव दिलं होतं. त्यांच्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "त्या टाचण्या आहेत म्हणून घर शांत आहे."

दुकान एका खोलीचं. सासूबाई खिडकीशी बसून काजं-बटणं करायच्या आणि सून मशीनवर असायची. बावीस वर्षं तेच काम. कुणाची पँट आखूड करा, कुणाचा झगा सैल करा, फाटलेली कड आत दुमडून घ्या. दुसऱ्याने शिवलेलं उसवायचं आणि पुन्हा दुमडायचं. "मी कसली शिंपीण, मी तर दुमडीण," असं टाचणीबाई हसून म्हणायच्या, पण ते हसू ओठांच्या पलीकडे जात नसे. एकदा तरी आपल्या हातून एखादी वस्तू पहिल्या टाक्यापासून आपली अशी व्हावी, हे त्यांच्या मनात किती वर्षं होतं ते त्यांनाच ठाऊक.

म्हणून वनस्पती-बागेतल्या मॅडम काम घेऊन आल्या, तेव्हा टाचणीबाईंनी दर विचारायच्या आधीच हो म्हटलं. बागेत मुलांसाठी एक खोली उघडायची होती. तिथे हीथ नावाच्या झुडपाची फांदी हवी होती, कापडाची आणि खरीच्या शंभरपट मोठी. मुलांनी हात लावावा, ओढावी, कुरवाळावी अशी. मॅडमनी त्या झुडपाची एक कुंडी, एक चित्र आणि एक भिंग ठेवलं. गुडघ्यालाही न पोचणारं झुडूप, बारा महिने हिरवं. पानं जिऱ्याएवढी, म्हणजे कापडाची हातभर करायची.

टाचणीबाई पाच दिवस भिंगाला डोळा लावून बसल्या. फांदीच्या प्रत्येक पेरावर चार-चार पानं अधिकच्या चिन्हासारखी बसतात, ते त्यांनी टिपलं. फुलं शेंड्यावर घोळक्याने, गुलाबी, गळ्याशी आवळलेल्या इवल्याशा मडक्यासारखी, काठाला चार कंगोरे. आत पुंकेसर आठ. फूल सुकलं तरी गळत नाही, तपकिरी होऊन तिथेच लोंबतं, तेही त्यांनी एका कोपऱ्यात तपकिरी कापडाने शिवलं. आणि पान? वरून हिरवं आणि खालून मधोमध एक पांढरी रेघ, चित्रात होती तशी. टाचणीबाईंनी हिरवं पान कापलं आणि खालून पांढऱ्या नाडीची शीर शिवली. इस्त्री करून सोमवारी बागेत जाऊन नमुना दाखवला.

मॅडमनी फूल बघून शाबासकी दिली. पान उलटंपालटं केलं आणि टेबलावर ठेवलं. पान सुरेख आहे, पण या झुडपाचं नाही, असं त्या म्हणाल्या. गुरुवारपर्यंत जमलं नाही, तर कारखान्यातून प्लास्टिकची फांदी मागवावी लागेल. चुकलं कुठे ते सांगा, अशी टाचणीबाईंनी विनवणी केली.

"मी सांगितलं तर तुम्ही माझं पान शिवाल," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही झाडाचं शिवा."

घरी येऊन टाचणीबाईंनी भिंग आपटलं नाही एवढंच. बुधवारच्या दुपारपर्यंत डोळ्यांना पाणी आलं, पण रेघ काही बदलली नाही. सासूबाईंना इतकं बारीक दिसत नव्हतं, पण सुनेचे उसासे चांगले ऐकू येत होते.

"काय अडलंय तुझं?"

"पानाची शीर, आई. मी केली तशीच तर आहे."

"दिसते तशीच आहे. लागते कशी? शीर टणक असते. सुई लावून बघ, अडते का."

टाचणीबाईंनी पेटीतली सगळ्यात बारीक सुई घेतली आणि पान उलटं धरून टोक त्या पांढऱ्या रेघेवर टेकवलं. सुई अडली नाही. टोचलीही नाही. अलगद आत गेली आणि पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खिशात बोट फिरावं तशी फिरली.

"आई, सुई शिरली."

"शीर असती तर शिरली नसती," सासूबाई म्हणाल्या. "मग आहे काय ते?"

टाचणीबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. भिंगाखाली सुईने रेघ जराशी रुंदावली. दोन्ही बाजूंच्या कडा खाली वळून आत आल्या होत्या, आणि मधल्या फटीत पांढरी मऊ लव होती. रेघ कुणी काढलेली नव्हतीच.

"दुमड आहे, आई."

सासूबाईंनी बटण खाली ठेवलं. "मग हे झाड तुझ्याकडूनच शिवून घेतलेलं दिसतंय."

त्या संध्याकाळी नवं पान झालं. कापड तिरकं कापलं, म्हणजे कड गोल वळते. आत पांढरं लोकरी कापड लावलं, दोन्ही कडा आत दुमडल्या आणि मध्ये बोटभर फट सोडली. बावीस वर्षांत दुमडलेली एकेक पँट त्या दुमडीच्या कामी आली होती.

गुरुवारी मॅडमनी पानाच्या फटीत बोट घातलं आणि ते बराच वेळ तिथेच ठेवलं. मग त्यांनी सांगितलं, की हे झुडूप उघड्या माळावर, वाऱ्यात राहतं. पानं झाडून मोकळं होणं त्याला ठाऊक नाही, म्हणून बाराही महिने ओलावा जपावा लागतो. पान ज्या बारीक छिद्रांनी श्वास घेतं, ती त्याने दुमडीच्या आत ठेवली आहेत. दारं अंगणात उघडतात, रस्त्यावर नाही. वारा बाहेरून निघून जातो.

"अजून सत्तेचाळीस हवीत," त्या म्हणाल्या.

खोली उघडली त्या दिवशी एक फ्रॉकवाली मुलगी फांदीपाशी आली आणि पान उलटून म्हणाली, "ही पांढरी रेघ कशाची?"

टाचणीबाईंच्या जिभेवर उत्तर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "बोट लावून बघ," त्या म्हणाल्या.

बोट आत गेलं. मुलीचे डोळे मोठे झाले. मग ती खाली वाकली आणि स्वतःच्या फ्रॉकची कड उलटून बघू लागली. त्यावर टाचणीबाई तिला तिरकं कापड, लव, वारा, माळ, आठ पुंकेसर असं सगळं सांगत सुटल्या. खुर्चीवर बसलेल्या सासूबाई मॅडमकडे झुकल्या.

"टाचण्या घरी विसरून आलीय," त्या म्हणाल्या. "आता माझं काही खरं नाही."