नवऱ्याआधीचा घास

सकाळचे दहा वाजले तरी निवृत्तीचं ताट अर्ध्यावरच होतं. लकवा मारल्यापासून एकेक घास गिळायला त्याला पाच-पाच मिनिटं लागायची. बायको पंचशीला चमचा धरून बसली होती. तिच्या पोटात आठला घेतलेली शुगरची गोळी होती. बाकी अन्नाचा कण नव्हता.

गोळीनंतर अर्ध्या तासात खायचंच, असं लातूरच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. पण जळकोटच्या या घरात बायकोनं नवऱ्याआधी जेवायचं नाही. नवरा धडधाकट होता तोवर ते निभावलं. आता त्याचं जेवण, धुणं-पुसणं उरकून हिला भाकरी मिळते बाराला. दोन वर्षं झाली! अन् चार माणसं हिला सती-सावित्री म्हणून मोकळी होतात. म्हणायला काय जातं त्यांचं?

पंचशीलानं चमचा ताटात ठेवला. "ताई, दोन घास खाऊ का? डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली."

नणंद महामाया उदगीरहून भावाला बघायला आली होती. "त्यो उपाशी, अन् तुला गोड लागंल का? आमची माय बाबाच्या आधी कधी जेवली न्हाई."

पंचशीलानं पुन्हा चमचा उचलला. तेवढ्यात निवृत्तीनं लघवीची खूण केली. तिनं काखेत हात घालून त्याला उभं केलं, आणि तिच्या गुडघ्यांतलं बळच गेलं. दोघंही कोसळली. निवृत्तीचं कपाळ पलंगाच्या कडेवर फुटलं. महामायाला एकटीला भाऊ हलेना. शेजारच्या दोघांनी येऊन उचलला. तीन टाके पडले.

दुसऱ्या दिवशी पंचशीलानं गोळी घेतली, ताट वाढलं आणि निवृत्तीसमोरच बसून पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. लाजेनं तो उतरेना. पाण्याच्या घोटाबरोबर तिनं तो उतरवला.

"काल त्याचं डोकं फुटलं, अन् आज तू आधी जेवून राहिलीस?" महामाया म्हणाली. "लोकं काय म्हणतील?"

"काल उपाशी व्हते म्हणूनच फुटलं, ताई. लोकायला लई वाटत असंल, तर उद्यापासून ह्यायला त्यायनीच उचलावं. तुमी बी हात लावा."

महामायाची नजर भावाच्या पट्टीवर गेली.

"खा," निवृत्ती जड जिभेनं म्हणाला.

पंचशीला त्याच्या होकारासाठी थांबली नव्हती. तिची अर्धी भाकरी झाली होती.