भरून पावले

उज्वलाला लेमन सेट मुळीच नको होता. काचेचा जग आणि सहा ग्लास, वर पिवळीधमक लिंबं रंगवलेली. असले दोन सेट तिच्या लग्नातच आले होते, आणि आतल्या खोलीच्या दारामागे खोक्यातच पडून होते. तरी वाशीतल्या त्यांच्या चर्चच्या मराठी मंडळीत बायकांची पाठांतर स्पर्धा जाहीर झाली, पहिलं बक्षीस लेमन सेट असं पाळकीणबाई मालतीबाईंनी सांगितलं, आणि हे खोकं आपल्याच घरी यायचं असं उज्वलानं ठरवून टाकलं. खोक्याबरोबर तिला सासू हवी होती.

आता सासू होतीच म्हणा. राहेलबाई. तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती, माहेर-सासर दोन्ही नगरकडचं, आणि प्रार्थनेला उभ्या राहिल्या की अख्खी मंडळी चिडीचूप. काय तो आवाज, काय ते शब्द! कुणी आजारी पडलं तर पाळकांच्या आधी राहेलबाईंना बोलावणं यायचं. अशा बाईच्या एकुलत्या एका मुलानं, शांतवननं, तुर्भ्याच्या टायपिंग क्लासात साताऱ्याकडच्या हमालाची पोरगी पसंत केली. पोरीनं मनापासून बाप्तिस्मा घेतला, लग्न रीतसर झालं. राहेलबाई सुनेला कधी वाकडं बोलल्या नाहीत, खायला-ल्यायला काही कमी केलं नाही. फक्त एक गोष्ट होती.

संध्याकाळची जेवणं झाली की घरात प्रार्थना व्हायची. कधी राहेलबाई करायच्या, कधी शांतवन. नगरहून नणंद आली की ती करायची. एकदा कुणी लांबचे मामा आले होते, सबंध जेवणभर क्रिकेटवर बोलत होते, तर त्यांनाही राहेलबाईंनी आग्रहानं प्रार्थना करायला लावली. उज्वलाला मात्र चार वर्षांत “आज तू कर” असं कुणी म्हटलं नव्हतं. ती आपली शेवटी आमेन म्हणायची आणि भांडी घासायला उठायची. शांतवनला सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, अगं, टेन्शन कसलं घेतेस, आईला सवय आहे तशी. पुरुषांना सगळ्याची सवयच वाटते, काय बोलायचं!

स्पर्धेसाठी नावं विचारायला मालतीबाई घरी आल्या, तेव्हा उज्वला आत चहा गाळत होती. बाहेर राहेलबाई म्हणत होत्या, “पाठ करील हो ती, हुशार आहे. पण पाठ होणं वेगळं आणि उमजणं वेगळं. आपल्यात ते लहानपणापासून मुरलेलं असतं.”

अर्धा चहा बशीत सांडला. आपल्यात! म्हणजे चार वर्षं एका ताटलीतून जेवूनही उज्वला त्या ‘आपल्यात’ बसत नव्हती. उज्वलाला रडू आलं नाही, राग आला. आता बघाच, म्हणाली ती मनात.

पाठ करायचा होता तो बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय, निम्म्यापर्यंत. दानधर्म करायचा तर कर्णे वाजवत करू नका. प्रार्थना करायची तर आतल्या खोलीत जा, दार लावून घ्या. उपास केला तर तोंड पाडून हिंडू नका. लोकांनी बघावं म्हणून जे करतात ते आपलं प्रतिफळ भरून पावले आहेत, असं प्रभू तिथे पुन्हा पुन्हा बजावतो. म्हणजे लोकांची वाहवा हेच त्यांचं बक्षीस, ते त्यांच्या पदरात पडून चुकलं, देवाकडून आणखी काही यायचं राहिलं नाही. आणि असला उतारा पाठ करून सगळ्यांसमोर बक्षीस मिळवायचं, यात काही गंमत आहे हे मंडळीत एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. उज्वलाच्या तर कुठून येणार! ती कणीक मळताना म्हणत होती, कपडे वाळत घालताना म्हणत होती.

बापापुढेही म्हणून दाखवलं. सयाजी कांदा-बटाटा मार्केटात हमाली करायचा. लग्नानंतर वर्षभर त्यानं अबोला धरला होता, मग त्याचा तोच विरघळला. पोरीचं ऐकता ऐकता तो ‘भरून पावले’पाशी खुलला, कारण तो त्याचाच शब्द. भाकरी खाऊन पोटावरून हात फिरवला की भरून पावलो. कुणी चहा पाजला, भरून पावलो. पोरगी पहिल्या नंबरानं पास झाली तेव्हाही डोळे पुसत तेच. तुमचा देव तर आमच्यावानी बोलतोय की, असं त्याचं म्हणणं पडलं. उज्वला म्हणाली, आबा, तिथं त्याचा अर्थ वेगळा आहे. भरलं म्हंजी भरलं, त्यात येगळं काय, असं म्हणून त्यानं विडी पेटवली. उज्वलाला पुढचं वचन आठवत नव्हतं, म्हणून तिनंही वाद सोडून दिला.

शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये, रविवारची उपासना आटोपल्यावर स्पर्धा झाली. नेरूळच्या एक शिक्षिकाबाई उपासापर्यंत धडाधड आल्या आणि तिथेच अडकल्या. उज्वला कुठे अडखळली नाही. शब्द शब्द स्वच्छ. टाळ्या पडल्या, मालतीबाईंनी खोकं तिच्या हातात ठेवलं आणि माइक पुढे केला. दोन शब्द बोल म्हणाल्या.

पहिल्या ओळीत राहेलबाई टाळ्या वाजवत होत्या. शेजारणीकडे वळून काही सांगत होत्या, आणि उज्वलानं त्यांच्या ओठांवरून ते बरोबर ओळखलं. आमची सून. तिला गहिवरून आलं. अशा वेळी तोंडातून निघतं ते माहेरचं.

“काय बोलू?” ती म्हणाली. “आज मी भरून पावले.”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि बघता बघता सगळा हॉल हसू लागला. पाळक माणूस चांगला, पण जीभ आवरली तर ना! बाई, मग आता स्वर्गात काही मागू नका बरं, असं ते माइकवरून म्हणाले, आणि हशाला आणखी जोर चढला. उज्वलाही आधी थोडी हसली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला, आणि धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पाठ होणं वेगळं, उमजणं वेगळं. सासूचं बोलणं तिनंच माइकवरून खरं करून दाखवलं होतं. हसत नव्हत्या त्या एकट्या राहेलबाई. त्यांच्या टाळ्या थांबल्या होत्या आणि मान खाली गेली होती. आता जन्मभर ही बाई आपल्याला आमेनच म्हणायला लावणार, असं उज्वलानं धरून टाकलं.

शांतवन खुर्च्या आवरायला मागे थांबला. सासू-सून रिक्षानं निघाल्या. सेक्टरच्या वळणावरच्या खड्ड्यात रिक्षा आदळली आणि मांडीवरच्या खोक्यात काहीतरी खळ्ळकन वाजलं. दोघींनीही ते ऐकलं.

घरी आल्यावर उज्वलाच्यानं राहवेना. “आई, मी तुमचं नाव घालवलं. पण बोलले ते खोटं नव्हतं. मला हे खोकं नको होतं. तुम्ही मला आमची म्हणावं, एवढ्यासाठी केलं सगळं. ते मिळालं, म्हणून तोंडातून तसं निघालं.”

राहेलबाई आतल्या खोलीतल्या पलंगावर टेकल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

“लग्न होऊन आले तेव्हापासून मी मंडळीत उभी राहून प्रार्थना करते,” त्या म्हणाल्या. “बाहेर पडताना लोक म्हणतात, राहेलबाई, काय प्रार्थना केलीत! घरी येईपर्यंत मी तेच मनात घोळवत असते. तू आज एकदा भरून पावलीस. मी दर रविवारी पावते. तू बोलून दाखवलंस, एवढाच काय तो फरक.”

उज्वलानं हातातलं खोकं खाली ठेवलं.

“दार लाव,” राहेलबाई म्हणाल्या.

ती बाहेरच्या दाराकडे वळली, तर ते लावलेलंच होतं.

“ते नव्हे. या खोलीचं.”

त्या खोलीचं दार लग्नापासून कधी लागलंच नव्हतं, मागे ती लिंबांची खोकी होती ना! उज्वलानं दोन्ही खोकी ओढून पलंगाखाली सारली, नवंही त्यांच्यातच ढकललं. दार कुरकुरलं, पण लागलं.

“आज तू कर,” राहेलबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

उज्वलाला एक चांगला शब्द आठवेल तर शपथ. पाठ केलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. मग तिनं जे होतं तेच सांगितलं. आबांच्या पाठीला ओझी सोसवत नाहीत आता, त्यांच्याकडे बघ देवा. महाप्याच्या कंपनीत यांची रात्रपाळी असते, नीट घरी येऊ दे. आईंच्या गुडघ्यांना जरा आराम पडू दे. एवढं बोलून ती थांबली. पुढचं म्हणायचं होतं, पण घरात इतकी वर्षं तो शब्द दुसऱ्यांचं संपल्यावर म्हणायची सवय होती.

“आमेन,” राहेलबाई म्हणाल्या. हलकेच, मागच्या ओळीतल्या बाईसारखं.

शांतवन आला तेव्हा आतलं दार लागलेलं पाहून चकित झाला. काय झालं म्हणून त्यानं विचारलं.

“काच फुटली होती,” राहेलबाई म्हणाल्या. “कुणाच्या पायात जायला नको म्हणून दार लावलं.”

उज्वला चहा टाकायला उठली. मंडळीत अजूनही कुणाला बक्षीस मिळालं की लोक तो माइकवरचा किस्सा काढतात आणि पोट धरधरून हसतात. उज्वलाही हसते. त्या दुपारी पुढे काय झालं ते त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नाही, शांतवनलासुद्धा.