बादशाहभाईंचं बोट

मी गेमचा रिमोट बोलतोय. टीव्हीचा नव्हे बरं का; त्या लांबुळक्याला बटणं दाबून घेण्यापलीकडे काही ठाऊक नसतं. मला दोन्ही हातांनी धरावं लागतं. माझ्या पोटात दोन छोट्या मोटरी आहेत. पडद्यावरची गाडी खडीवर गेली की त्या गुरगुरतात आणि माणसाच्या तळहाताला कळतं, रस्ता सुटला. माझं मोठेपण एवढंच, पण ते काही कमी नाही.

माझा जन्म लांबच्या देशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथे एका बाईने मला एकदा थरथरवून पाहिलं, मान हलवली आणि खोक्यात घातलं. पुढची चार वर्षं मी बारामतीत वृषालीच्या घरी काढली. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने मला, माझ्या जुळ्या भावाला आणि आमच्या यंत्राला जास्मिनच्या स्वाधीन केलं. दोघी एमआयडीसीत एकाच ठिकाणी कामाला. "तुझ्या अब्बांचा जीव रमेल," वृषाली म्हणाली. असे आम्ही स्कूटीवरून लासुर्ण्याला तिच्या घरी आलो.

जास्मिनचे अब्बा म्हणजे बादशाहभाई. तीस हंगाम त्यांनी ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढलेल्या. उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, वाचा आली, पण उजवा हात मांडीवर पडून राहायचा. त्याहून वाईट म्हणजे माणूस बोलेनासा झाला. बायको, रोशनबी, ताट पुढे ठेवायच्या आणि ते भिंतीकडे बघत बसायचे. जास्मिनने मला त्या हातात दिलं तेव्हा मी घाबरलो. इतका निर्जीव हात मी पाहिला नव्हता, आणि हे मी म्हणतोय!

तिने त्यांची बोटं एकेक करून माझ्यावर बसवली. डाव्या अंगठ्याने वळवायचं, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने वेग द्यायचा. सुरुवातीला त्या बोटावर आपलं बोट ठेवून तीच दाबायची, आणि गाडी रस्त्यापेक्षा गवतातच जास्त राहिली. त्यात बादशाहभाईंची खोड अशी की प्रत्येक वळण ते पार लांबून घ्यायचे.

"अब्बा, मागं ट्रॉल्या न्हाईत!"

"सवय हाय पोरी. आतनं घेतलं तर मागली ट्रॉली चारीत जाती."

हॉर्नचं बटण कुठं हाय, हेही त्यांनी विचारलं. मागून गाडी आली की ते डावीकडे सरकून तिला वाट देत. शर्यतीत वाट देणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

एका दुपारी गाडी खडीवर गेली, मी नेहमीसारखा गुरगुरलो आणि ते एकदम ताठ झाले.

"जास्मिन, हातात कायतरी गुरगुरतंय गं. ह्या हातात."

रोशनबी पदराला हात पुसत धावत आल्या. जास्मिनला रडू आवरेना. मला फार आनंद झाला. आणखी थोडं थरथरावंसं वाटलं, पण ते कधी माझ्या मनावर असतं?

लोक विचारतात, या शर्यतीच्या खेळात एवढी मजा कसली? वृषाली म्हणायची, जिंकण्यात. मला काही ते पटत नाही. फार पुढे निघून गेलेला माणूस जांभया द्यायला लागतो, हे मी हातांवरून ओळखतो. पुढच्याचं मागचं चाक दिसत राहिलं पाहिजे, आता गाठतो, मग गाठतो, असं वाटत राहिलं पाहिजे. आणि आपटलं तरी दोन क्षणांत गाडी पुन्हा रस्त्यावर उभी! कुणाचं हाड मोडत नाही, कुणाच्या घरी रडारड होत नाही. बादशाहभाईंना ती पुन्हा उभी राहणारी गाडी फार आवडायची. ते बोलायला लागले, जेवायला लागले.

बघता बघता उसाचा हंगाम आठ दिवसांवर आला. बादशाहभाई ट्रॅक्टर पुसायला लागले आणि घरात भांडण पेटलं.

"डॉक्टर न्हाय म्हनलेत, अब्बा."

"डॉक्टरनं कधी ट्रॉली वढलीय का? हात बरा हाय माजा. लाव शर्यत. मी जिकलो तर ट्रॅक्टर मी चालवनार. हारलो तर किल्ली ज्ञानेशला."

ज्ञानेश शेजारचा, हाताला काम नसलेला ड्रायव्हर. जास्मिन कबूल झाली. आजवर ती अब्बांकडून एकदाही हरली नव्हती.

तीन फेऱ्यांची शर्यत. दोन फेऱ्या ती पुढे होती. तिसरीत बादशाहभाईंनी एक वळण लांबून धरलं, ऐनवेळी गाडी आत वळवली आणि तिच्या आतून निघून गेले. रोशनबी दारातच थबकल्या. शेवटच्या वळणावर त्यांचं चाक खडीला लागलं. मी जीव तोडून गुरगुरलो. डाव्या तळहाताला कळलं. उजव्याला कळलं नाही. बोट वेगावर तसंच दाबलेलं, पण ते असून नसल्यासारखं होतं.

क्षणभरच. मग हातात जाणीव परत आली. गाडी रस्त्यावर होती, अजून तेच पुढे होते, समोर शेवटची रेघ दिसत होती. आणि बादशाहभाईंनी बोट उचललं. बोट घसरलं नाही की थकलं नाही. त्यांनी ते उचललं. बोटांचा फरक मला कळतो.

जास्मिनची गाडी बाजूने निघून गेली. ती आनंदाने ओरडली, मग अब्बांचं तोंड बघून तिने माझ्या भावाला खाली ठेवलं.

"हारलो पोरी," ते म्हणाले. "किल्ली दे ज्ञानेशला. अन् त्येला सांग, शाळंपाशी हळू घे म्हनावं. तितं पोरं आडवी येत्यात."

आता ज्ञानेश रोज भरल्या ट्रॉल्या घेऊन दारावरून जातो. तो आवाज लांबवर जाईपर्यंत बादशाहभाई मला नुसतं हातात धरून बसतात. माझी एक मोटर हल्ली अडखळते. किती दिवस चालेन, सांगता येत नाही. जास्मिन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "मी जिकले म्हनून अब्बा घरात राहिले." तिला तसंच वाटू द्या. मला हे कुणाजवळ तरी बोलायचं होतं, म्हणून तुमच्याजवळ बोललो. तिला मात्र कधी सांगू नका.